साठ हात गल्ली, दहा मैल रस्ता

काकाजींशी बोलायचं तर त्यांच्याबरोबर चालावं लागे. बसून बोलणारा माणूस अर्धं खोटं बोलतो आणि उभ्यानं बोलणारा पाव, असं त्यांचं मत होतं. मी खोली बघायला पहिल्यांदा त्या गल्लीत गेलो तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. मी ओट्यावर बसलो, टोपी मांडीवर ठेवली आणि घरमालकांची वाट बघू लागलो. घरमालक माझ्यासमोरून आठ वेळा गेले आणि आठ वेळा आले. हातात सुताचं रीळ, आखूड धोतर, पाय अनवाणी. गुडघ्याच्या वर माणूस साठीचा दिसत होता आणि गुडघ्याखाली तिशीचा. नवव्या खेपेला ते मान न वळवता म्हणाले, “अजी, खोली पायजे का सावली? खोली पायजे असन तं चाला संगं.”

मी चाललो. गल्लीच्या एका टोकाला त्यांनी माझं गाव विचारलं, दुसऱ्या टोकाला नोकरी. परत येताना मारुतीच्या ओट्यापाशी खोली ठरली. मला धाप लागली होती, त्यांना नव्हती.

इतवारीच्या पलीकडे कोष्ट्यांची वस्ती होती, तिच्यातली ही गल्ली. घराघरात माग. लुगड्याचा ताणा, म्हणजे उभे दोरे, घरात मावत नाहीत, म्हणून ते बाहेर रस्त्यावर लावायचे. साठ हात लांबीच्या गल्लीभर ओळीनं काठ्या रोवायच्या आणि सूत घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. दोरा एका काठीच्या डावीकडून न्यायचा, पुढच्या काठीच्या उजवीकडून. परत येताना बरोबर उलट. असा एकेक दोरा. शेवटी सगळ्यावर खळ लावायची आणि उन्हात वाळवायची. इतर लोक कडेनं चालत आणि नुसता हात लांब करून दोरा काठीआड टाकत. काकाजी अख्खे स्वतः काठ्यांच्या मधून डावी-उजवी करत जात. “हातानं टाकलेला दोरा आळशी असते,” ते म्हणत. “अंगानं टाकलेला दोरा ध्यान देते.”

तशात हे काम त्या वस्तीत बायकांचं. पुरुष मागावर बसायचे. काकाजींच्या घरी काकूजी मागावर आणि काकाजी रस्त्यावर. यावरून लोकांनी त्यांना वर्षानुवर्षं हसून घेतलं होतं. एकदा कोणीतरी तोंडावरच बोललं, तेव्हा ते त्या माणसाबरोबर दोन खेपा चालले आणि म्हणाले, “तिले बसता येते, मले येत नाई. तुमचं मन राखाले लुगडं कायले खराब करू?” काकूजींच्या लुगड्याचा पोत बघायला गांधीबागेतले कापडाचे व्यापारी स्वतः येत, हेही खरं.

टांग्यात ते जन्मात बसले नाहीत. जेवत उभ्यानं, आणि तेही दारात, एक पाय बाहेर ठेवून. अंतर मैलांत सांगितलं तर त्यांना राग येई. त्यांचं माप ताण्याचं. नऊवारी लुगड्याचा एक ताणा पुरा होईपर्यंत जितकं चालणं होई, तितकं अंतर म्हणजे एक ताणा. माझी कचेरी पाव ताणा. त्यांची सासुरवाडी दीड ताणा, “आन् येताना दोन, कारण सासू डबा देते.”

माझी कचेरी रस्त्यांची होती, आणि सगळं दुखणं तिथून सुरू झालं.

मी तिथं कारकून होतो. अक्षर बरं असल्यामुळे नोटिसा लिहायचं काम माझ्याकडे. आमच्या साहेबांनी त्या वर्षी मोटार घेतली. त्यांच्या बंगल्यापासून कचेरीला येण्याचा जवळचा रस्ता आमच्या गल्लीतून होता. एके दिवशी साहेबांनी मजकूर सांगितला आणि मी लिहून घेतला : सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, सार्वजनिक रस्त्यावर काठ्या रोवून, दोरे ताणून अथवा अन्य कोणत्याही प्रकारे रहदारीस अडथळा करू नये. खाली तारीख. महिनाअखेरच्या सोमवारपासून अंमल. खाली गल्लीचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा माझा टाक थांबला, पण साहेब समोर उभे होते. मी वळणदार अक्षरात गल्लीचं नाव लिहिलं.

शिपायानं ती नोटीस नेमकी काकाजींच्या भिंतीला लावली. डिंक पातळ होता, संध्याकाळपर्यंत तिचा एक कोपरा सुटला. मला वाटलं, पडली तर बरंच. पण काकाजींनी घरातून खळीचं मडकं आणलं, कुंच्यानं भिंतीला खळ फासली आणि नोटीस तळहातानं दाबून अशी बसवली की ती भिंतीचाच भाग झाली. मग मला म्हणाले, “बाबूजी, मले वाचता येत नाई. तुमी वाचा.”

मी वाचली. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, “बरं,” म्हणाले, आणि सूत उचलून चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. “वाचा बाबूजी.” तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी कचेरीला निघालो की दारात अडवून माझ्याकडून रोज नोटीस वाचून घेत, “बरं” म्हणत आणि कामाला लागत. माझंच अक्षर मला रोज सकाळी मोठ्यानं वाचावं लागे आणि माझे कान तापत. ते अक्षर कोणाचं हे त्यांना कुठून कळणार, एवढाच काय तो आधार होता.

साहेब एकदा स्वतः गल्ली बघायला आले. मी फाईल धरून मागे. काकाजी ताणा लावत होते. साहेबांना उत्तर हवं होतं म्हणून साहेबांनाही चालावं लागलं. मी त्यांच्या मागून चालत होतो आणि कोट घातलेला माणूस अनवाणी माणसाच्या वेगानं चालताना काय दिसतो ते बघत होतो.

“रस्ता कशासाठी असतो?” साहेब म्हणाले. “जाण्यासाठी. काम करण्यासाठी नव्हे.”

“मी जाऊनच तं राहिलो, साहेब. सकाळपासून जाऊन राहिलो.”

“याला जाणं म्हणत नाहीत. जाणं म्हणजे एका ठिकाणाहून निघून दुसऱ्या ठिकाणी पोचणं. तुम्ही सकाळपासून इथल्या इथंच आहात.”

काकाजी थांबले. चालता चालता थांबलेले काकाजी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. गल्लीही थांबली. चार घरांतल्या मागांचा खटखटाट एकदम बंद झाला.

“म्हणजे मी पोचत नाई म्हणता?”

साहेबांच्या अंगात खिलाडूपणा होता. कामठीहून सीताबर्डीच्या किल्ल्याखालच्या मैदानापर्यंत दहा मैल धावण्याची शर्यत त्यांच्याच क्लबानं ठरवली होती आणि चिटणीस तेच होते. ते हसत सगळ्यांसमोर म्हणाले, “रविवारी कामठीला या. नऊच्या आत मैदानावर पोचून दाखवा. पोचलात तर सोमवारी मी स्वतः नोटीस मागे घेईन.”

“काठ्या रोवू द्याल?”

“देईन.”

“बाबूजी,” काकाजी माझ्याकडे वळून म्हणाले, “आयकलं ना? तुमी साक्षीला.”

शर्यतीत नावं घालण्याचा कागदही माझ्याकडेच होता. त्यात एक रकाना होता, शाळा, संस्था अथवा पलटण. मी विचारलं, इथं काय लिहू? ते म्हणाले, “गल्ली लिवा.” मी म्हटलं, गल्ली ही संस्था नाही. ते म्हणाले, “मंग पलटण समजा.” मी गल्ली लिहिलं.

त्यांनी धावण्याची तयारी म्हणून काहीही केलं नाही. रोज तेच तर करून राहिलो, म्हणाले. फक्त एका सकाळी उत्सुकता म्हणून कामठी रोडनं इंदोऱ्यापर्यंत गेले आणि परत आले ते चेहरा पाडून. काकूजींनी मागावरून विचारलं, “काय झालं जी?”

“लय बेकार रस्ता हाये वं. सरळच जाते. वळायचं नावच नाई. माहे पाय येडे झाले, डोकं गरगरलं.” पन्नास वर्षं साठ हात गेल्यावर वळणारा माणूस, त्याला सरळ रस्त्यानं भोवळ आली. काकूजी हसल्या नाहीत. त्या मागावरून उठून बाहेर आल्या, एवढंच मला आठवतं. “नका जाऊ,” म्हणाल्या. “पडसान कुठंतरी.”

“पडलो तं रस्त्यावरच पडीन ना? रस्ता आपलाच हाये.”

रविवारी पहाटे कामठीला चांगलीच थंडी होती. शाळा-कॉलेजांची पोरं, काही पोलीस, छावणीतले काही शिपाई, सगळे कॅनव्हासच्या बुटांत उड्या मारत होते. त्यांच्यात काकाजी, धोतराचा काचा मारून. धावणाऱ्यांसाठी त्या दिवशी सात ते नऊ असे दोन तास कामठी रोड अडवला होता. बैलगाड्या झाडाखाली सोडल्या होत्या, आणि गाडीवाले बिडी ओढत बसले होते. हे काकाजींनी पाहिलं. “कोणी अडवला?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आमच्याच कचेरीनं. “बरं,” ते म्हणाले. तो ‘बरं’ मला नोटिशीच्या वेळचा वाटला.

माझं काम असं की, सायकलवरून सगळ्यांत मागच्या माणसामागे जायचं आणि कोण गळालं ते वहीत लिहायचं. सगळ्यांत मागचा माणूस कोण, हे पिस्तुलाचा बार झाल्याझाल्याच ठरलं. सगळे धावले. काकाजी चालू लागले.

त्यांच्या चालीला चालणं म्हणावं की धावणं, हे मला आजही सांगता येणार नाही. तळवा जमिनीपासून फार उचलत नव्हता, पण मला पायडल मारावं लागत होतं. तीन मैलांपर्यंत ठीक चाललं. मग रस्ता त्यांना चढू लागला. पाय भलतीकडे पडायला लागले. एका दगडापाशी ते डोळे मिटून उभे राहिले. मी घड्याळ बघितलं. मला त्या घटकेला साहेबांची नोकरी नको होती, मोटार जळून जावी असं वाटत होतं, आणि या म्हाताऱ्यानं पोचावं यापलीकडे काहीही नको होतं.

“काकाजी, बसता का?”

“बसायले आलो काय इथं?” ते म्हणाले आणि निघाले. पण चाल मोडली होती. सहाव्या मैलाला मी मनातल्या मनात हिशेब केला, नऊच्या आत जमत नव्हतं.

सातव्या मैलापासून पुढे, शहराची वस्ती लागते म्हणून, रस्ता सगळा अडवला नव्हता. मधोमध बांबूच्या काठ्या रोवून त्यांना लाल झेंडे लावले होते. डावीकडून धावणारे, उजवीकडून टांगे. नियम छापून वाटला होता.

काकाजींनी ती ओळ दुरून पाहिली आणि त्यांची मान ताठ झाली. पहिल्या काठीच्या डावीकडून गेले. दुसरीच्या उजवीकडून. तिसरीच्या डावीकडून.

“काकाजी! डावीकडनं! सगळं डावीकडनं!” मी ओरडलो. “टांगे आहेत तिकडे!”

“बाबूजी, काठी दिसली का पाय आयकत नाई!”

आणि पाय खरंच ऐकत नव्हते. त्यांची भोवळ गेली, पावलं जागेवर पडू लागली, हातसुद्धा सूत धरल्यासारखा पुढे आला. टांगेवाले लगाम खेचून शिव्या घालत होते. “अबे बुढ्ढे, मरना है क्या?” काकाजी त्यांना चुकवून पुढच्या काठीला वळसा घालून पुन्हा आमच्या बाजूला. मला सायकलवर दम लागला. इंदोऱ्याच्या पुढे बुटात फोड आलेले कॉलेजचे दोन विद्यार्थी रस्त्याकडेला बसले होते. त्यांच्या देखत काकाजी त्या काठ्यांमधून असे गेले की ते दोघं उठून उभे राहिले. मी त्यांची नावं गळालेल्यांत लिहिली. शेवटच्या दोन मैलांत मला अशी आणखी पाच नावं लिहावी लागली.

मैदानावर दोरी होती, बँड होता, संत्र्यांच्या टोपल्या होत्या. साहेबांच्या हातात घड्याळ. काकाजींच्या छातीला दोरी लागली तेव्हा नऊला सहा मिनिटं होती. गल्लीतली माणसं आली होती, ती ओरडली. काकूजी ओरडल्या नाहीत, त्या नुसत्या त्यांच्या पायांकडे बघत होत्या.

साहेबांनी शेवटचा फर्लांग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. ते शांतपणे म्हणाले, “अर्धा रस्ता तुम्ही टांग्यांच्या बाजूनं आलात. नियमभंग झाला. तुम्ही बाद.” मग मला म्हणाले, “लिहा.”

वही माझ्या हातात, टाक माझ्या हातात. काकाजी माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, नाही लिहीत म्हणावं. तोंडापर्यंत आलं. आणि मी ‘बाद’ लिहिलं. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ शब्द लिहिले, त्यांतल्या या एका शब्दाची मला आजही लाज वाटते.

काकाजी संत्रं सोलत होते. “लिवा बाबूजी,” म्हणाले. “अक्षर चांगलं काढा. नोटिशीवानी.”

म्हणजे त्यांना माहीत होतं. माझ्याकडून त्यांनी जावयाला कितीक पत्रं लिहून घेतली होती. वाचता येत नसलं तरी, कोणता दोरा कोणत्या हातानं टाकलाय हे ओळखणारा तो माणूस. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मग ते साहेबांकडे वळले. “बाद तं बाद. पण सांगा, पोचलो का नाई?”

“पोचलात. पण नियमानं नाही.”

“पोचलो का नाई?”

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. बँडवालेसुद्धा ऐकत होते. “पोचलात,” ते म्हणाले.

“बास.” काकाजींनी अर्धं संत्रं काकूजींना दिलं आणि घराकडे चालू लागले. इतवारीपर्यंत पायी.

झेंड्यांच्या काठ्या गोळा करून पुढच्या वर्षासाठी सांभाळून ठेवणं, हेही माझ्याच गळ्यात होतं. हमालानं त्या आणून माझ्या खोलीत रचल्या. सोमवारी सकाळी उजाडताच मी दार उघडलं. काकाजी रोजच्या जागी उभे होते. पण आज मीच आधी बोललो.

“काकाजी, काठ्या सरळ आहेत. घेता का?”

त्यांनी एक काठी हातात घेऊन पाहिली. “झेंडे काढायचे का ठेवायचे?”

“ठेवा,” मी म्हटलं.

नोटिशीचा अंमल त्या दिवसापासून होता. साहेबांची मोटार गल्लीत शिरली तेव्हा गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल झेंडे फडफडत होते, त्यांच्यावर ताणा ताणलेला होता आणि त्याला ओली खळ लावलेली होती. ओला ताणा हलवला की दोऱ्याला दोरा चिकटून सगळा नासतो. काकाजी कुंचा घेऊन फिरत होते. आज इतर घरांतलेही सगळे बाहेर आले होते, मागावरचे पुरुषसुद्धा.

साहेबांनी काच खाली केली. त्यांना मी दिसलो, झेंडे दिसले. त्यांनी आधी काकाजींनाच विचारलं, “नोटीस वाचली नाही?”

“रोज वाचतो, साहेब. बाबूजी, वाचा.”

मी भिंतीपाशी गेलो आणि साहेबांच्या समोर ती नोटीस वाचली. पहिल्या शब्दापासून तारखेपर्यंत, मोठ्यानं. माझी नोकरी त्या वेळी मोटारीच्या चाकाखाली होती आणि तरी मला तीन आठवड्यांत पहिल्यांदा ती वाचायला लाज वाटली नाही.

“बरं,” काकाजी म्हणाले. “काल तुमी दहा मैल रस्ता अडवला, पळायसाठी. आमी साठ हात अडवून राहिलो, पोटासाठी. झेंडे तुमचेच हायेत. आता नोटीस मांगं घ्या.”

“मी पोलीस बोलावीन.”

“बोलवा. ते येईपर्यंत ताणा वाळून जाईन.”

मोटारीला त्या गल्लीत वळायला जागा नव्हती. साहेबांनी ड्रायव्हरला खूण केली. मग ड्रायव्हरनं मोटार मागे घ्यायला सुरुवात केली, इंच-इंच करून. काकाजी कुंचा हातात घेऊन तिच्या बरोबरीनं चालत गेले, खिडकीशी बोलत. “जरा डावीकडे. मारुतीचा ओटा हाये. हां, आता सरळ.” टोक आलं तसे सवयीनं वळले आणि परत आले.

पोलीस आले, काकाजींना दोन दिवस चौकीवर बसवलं. बसवलं म्हणजे ते तिथंही फेऱ्या घालत होते असं हवालदारच सांगत होता. ते दोन दिवस काकूजींनी ताणा लावला, आणि शेजारच्या बायकांनी, आणि एक दिवस मी. माझा दोरा आळशी होता, पण लागला. तिसऱ्या दिवशी काकाजी सुटून आले तेव्हा काठ्या तिथंच होत्या. साहेबांनी पुढे लांबचा रस्ता धरला. नोटीस मात्र त्यांनी मागे घेतली नाही, ती तशीच लागू राहिली, आणि गल्ली तशीच ताणे लावत राहिली.

दोन महिन्यांनी माझी चांद्याला बदली झाली. का झाली हे कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. निघायच्या दिवशी सामान टांग्यात ठेवलं आणि मी भिंतीपाशी गेलो. माझ्या अक्षरातला तो कागद तिथं सोडून जायला मन घेईना. मी कोपरा नखानं उकरला. खळीनं तो असा धरला होता की, नखच दुखलं.

काकाजी सूत घेऊन येत होते. मी म्हटलं, “काकाजी, पाणी लावून काढतो ही.”

ते थांबले नाहीत. मला त्यांच्याबरोबर चालावं लागलं, टांगेवाला बोंबलत असताना, पहिल्या दिवसासारखं.

“राहू द्या गा,” ते म्हणाले. “उद्यापासून दुसऱ्या कोणाकडून वाचून घेईन. रोज आयकतो आन् मंग काठ्या रोवतो. न समजता केलं, असं कोणी म्हणायले नको.”